बोक्याच्या साखरेचा निवाडा

माणसाने माणसाचं रक्त सांडावं अशी कारणं जगात फार थोडी आहेत. जमीन, धर्म, सत्ता, आणि झालंच तर अब्रू. तर्कशास्त्राचा प्राध्यापक म्हणून हे मी वर्गात इतक्या गंभीरपणे सांगत आलो की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा लिहून घेत. पण जो एकमेव रक्तपात मी स्वतः, नाकाला रुमाल लावून, अगदी जवळून पाहिला, त्याचं कारण होतं मांजराच्या रक्तातली साखर कुठल्या यंत्रावर मोजावी, हे.

"दाजी, त्येला सांगा, बोक्याचं मुंडकं सोड म्हणावं," हिंदुराव म्हणाले.

"दाजी, त्यांना सांगा, आधी मागचे पाय सोडा म्हणावं," उत्तम म्हणाला.

हे दोघे माझे मेहुणे, सख्खे भाऊ. दोघांच्या मधे परसातली छातीभर उंचीची भिंत होती आणि भिंतीवर तो बोका, दोघी बायका चादर पिळताना धरतात तसा, दोन्हीकडून ताणलेला. मी दोघांचे निरोप दोघांना पोचवले. सोडलं कुणीच नाही.

इचलकरंजीतलं हे खराड्यांचं घर. सासरे गेले आणि मुलांनी वाटणी केली. माग वाटले, भांडी वाटली, हॉलच्या मधोमध विटांची भिंत घातली. भिंत इतकी काटेकोर मधोमध आली की पंखा हिंदुरावांच्या बाजूला राहिला आणि त्याचं बटण उत्तमच्या. त्या पहिल्या उन्हाळ्यात काय झालं ते मी सांगत बसत नाही. हिंदुरावांनी नंतर पंखाच काढून टाकला. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. मी घरात असलो तर माझ्यामार्फत बोलत, कारण जावई हा हिशेबात नसलेला माणूस. मी नसलो की बोक्यामार्फत.

बोका तेवढा वाटायचा राहिला होता. तो पिवळा, लठ्ठ, पडक्या कानाचा होता आणि दोन्ही घरांत जेवत होता. हिंदुराव त्याला पैलवान म्हणत. ते स्वतः एकेकाळी आखाड्यात नाव काढलेले. बायको वारलेली, मुलगी सासरी. संध्याकाळी ओट्यावर बसून ते त्या बोक्याला जुन्या कुस्त्या सांगत. पलीकडे उत्तमची बायको कमल त्याला सोन्या म्हणे. तिला मूलबाळ नव्हतं, आणि ते नाही हे तिला गल्लीतल्या सगळ्यांनी अनेकदा नीट समजावून सांगितलं होतं. सोन्यासाठी ती पलंगावर वेगळी उशी ठेवी. थोडक्यात, दोन्ही बाजूंना त्या घरात जीव लावावा असं दुसरं काही उरलं नव्हतं.

इकडे अंडी आणि दूध, तिकडे बिस्किटं आणि साय. बोका फुगला, मग एकाएकी वाळला, बादलीत तोंड घालून पाणी प्यायला लागला आणि मागच्या टाचा टेकवून म्हाताऱ्यासारखा चालायला लागला. जनावरांच्या डॉक्टर मुजावर मॅडमनी मधुमेह सांगितला. सकाळ-संध्याकाळ इन्शुलिन, बिस्किटं बंद, आणि घरी एक यंत्र घ्या.

दोघांनीही एकेक घेतलं.

हिंदुरावांनी औषधाच्या दुकानातून माणसाचं आणलं. "माणसाला चालतंय ते मांजराला न चालायला मांजर काय आभाळातनं पडलंय?" उत्तमने पुण्याहून खास जनावरांचं मागवलं. त्याच्या खोक्यावर कुत्र्याचं आणि मांजराचं चित्र होतं आणि ते चित्र तो येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवी. "माणसाच्या यंत्रावर मांजर मोजायचं म्हणजे किलोच्या काट्यावर कापड मोजायचं. त्यांना सांगा दाजी."

भांडण असलं तरी थोरल्याला अरे-तुरे करायचं नाही, हा माझ्या सासुरवाडीचा रिवाज. उत्तम शिव्यासुद्धा आदरार्थी बहुवचनात देत असे.

सकाळची सुई हिंदुराव टोचत, संध्याकाळची कमल. काही महिने बरे गेले. पण आकडे जुळेनात. हिंदुरावांच्या यंत्रावर अलीकडे शंभराच्याही खाली येत, त्याच सकाळी उत्तमच्या यंत्रावर दीडशेच्या आसपास. हिंदुराव म्हणत, बोका बरा झाला, आता सुई बंद करा. उत्तम म्हणे, खोट्या यंत्राच्या भरवशावर हे आमचं जनावर मारायला निघालेत. हिंदुराव म्हणत, नसलेल्या साखरेवर सुया टोचून तोच मारायलाय. मग एका सकाळी उत्तमने हिंदुरावांच्या दारात दगड टाकला, दुपारी हिंदुरावांनी तो उत्तमच्या दुचाकीच्या टाकीवर परत केला, आणि संध्याकाळी माझ्या बायकोला फोन आला.

"अहो, चला," शालन म्हणाली. "दोघं एकमेकांचा जीव घेतील."

"मांजरावरून?"

"तुमच्या पुस्तकात काय कारण लागतं ते मला माहीत नाही. आमच्यात एवढं पुरतं."

रविवारी सकाळी आम्ही गेलो. मी त्यांना समजावलं की दोन घड्याळं वेगवेगळी वेळ दाखवत असतील तर तिसरं घड्याळ पाहावं. तिसरं यंत्र आणायला दोघांचीही ना नव्हती, पण ते कुणाच्या घरात राहील यावर तासभर गेला. शेवटी मी निवाडा दिला: एकच मांजर, एकच कान, एकच थेंब. त्या थेंबाला दोन्ही यंत्रांच्या पट्ट्या लावायच्या. जुळलं तर वाद मिटला. नाही जुळलं तर दोन्ही यंत्रं घेऊन मॅडमकडे जायचं. हे इतकं तर्कशुद्ध होतं की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. टोचायचं काम, अर्थात, पंचाकडे आलं.

तर हिंदुरावांनी मागचे पाय धरले होते, उत्तमने डोकं. दोन्ही यंत्रं शालनच्या आणि कमलच्या हातात. मी बोक्याचा कान उजेडाकडे करून कडेला सुई टोचली.

बोक्याने आवाज केला नाही. त्याने फक्त मान वळवली आणि उत्तमच्या अंगठ्यात चारही सुळे बसवले. उत्तम ओरडला आणि हात झटकू लागला. अंगठ्याला लोंबकळत बोकाही झटकला जाऊ लागला. डोकं मोकळं झाल्याबरोबर बोका कमरेत वळला आणि त्याने मागचे पाय धरणाऱ्या हिंदुरावांच्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत नांगर चालवला. कातडी सुटून लोंबली. हिंदुरावांनी पाय सोडले नाहीत. त्यांनी हाताकडे पाहिलंसुद्धा नाही.

"दाजी, ह्येला सांगा," ते म्हणाले, "मांजर धरता येत न्हाई, आणि म्हणं माग चालवतोय. बापानं ह्येला वाटा दिला तितंच चुकलं."

उत्तमला यावर बहुवचनात काही सुचलं नसावं. भिंतीवर पाण्याचा पितळी तांब्या होता. तो त्याने उचलला आणि थोरल्या भावाच्या तोंडावर हाणला. आवाज देवळातल्यासारखा झाला. हिंदुरावांनी ओठांवरून जीभ फिरवली, एक दात तळहातावर काढला, पाहिला आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला.

"दाजी," ते म्हणाले, "पैलवानाला धरा जरा."

मी बोका घेतला. घेतला म्हणजे तो माझ्या छातीवर चढला आणि खांद्यावरून उतरताना शर्टासकट बरंच काही घेऊन गेला. शालनने त्याला टॉवेलात गुंडाळून उचललं, आणि तिच्याकडे तो गप्प बसला. तोवर हिंदुरावांनी भिंतीवरून हात घालून उत्तमची गचांडी धरली होती. पन्नाशीचा, चांगला भरलेला माणूस भिंतीवरून असा अलीकडे आला की जणू कपड्याचा तागा. पाठीवर आपटला. हिंदुरावांनी त्याच्या बरगडीवर गुडघा दिला आणि उसाचं कांडं मोडताना येतो तसा आवाज आला.

मी मधे पडलो. तर्कशास्त्रात याला काय म्हणतात ठाऊक नाही. प्रत्यक्षात कुणाचंतरी कोपर माझ्या नाकावर आलं आणि मी नळाच्या हौदात बसलो. तिथून मला दिसलं की उत्तमने हिंदुरावांचा कान दातात धरलाय. तो कान आखाड्यातच कधीचा मोडून गाठोडं झालेला, त्यामुळे हिंदुरावांना फारसं कळलं नसावं. त्यांनी डावा हात उत्तमच्या गळ्याखालून घातला आणि आवळला.

"त्यांना सांगा," उत्तम घुसमटत म्हणाला, "सोडा... म्हणावं."

माझ्या तोंडात रक्त होतं. सांगायला जमलं नाही.

कमल धोपाटणं घेऊन भिंतीवरून उडी मारून आली. पाच फुटांची बाई, साडी खोचलेली. तिने हिंदुरावांच्या पाठीवर धुणं धुवावं तसं धोपटायला सुरुवात केली. ती ओरडत नव्हती. दात आवळून, नेमाने, एकाच जागी मारत होती. हिंदुरावांची पाठ ओल्या पोत्यासारखी वाजत होती आणि हात काही सुटत नव्हता. उत्तमच्या तोंडाचा रंग आधी लाल, मग वांग्यासारखा झाला. टाचा मातीत घासत होत्या. त्या हळू हळू घासायला लागल्या. एरवी मी लोकांच्या भांडणात नंतर सांगायला बरं म्हणून काहीतरी टिपून ठेवतो. त्या क्षणी मला एवढंच कळत होतं की माझ्यासमोर एक माणूस मरतोय आणि मारणाऱ्याच्या डोळ्यांत राग नाही. कुस्ती पुरी करायची असते, तेवढंच आहे.

"दादा," शालन म्हणाली. तिच्या आवाजात नेहमीची भाजी आणायची सूचना होती. "बोका शांत बसलाय. पट्टी लावायची तर आत्ता लावा. मग मिळायचा न्हाई."

हिंदुराव थांबले. क्षणभर विचार केला. हात सोडला.

उत्तम कुशीवर वळून खोकला, ओकला, पुन्हा खोकला. मग त्याने कमलचा हात धरून उभं राहायचा प्रयत्न केला आणि बरगडी धरून वाकला. "कुठाय?" एवढंच म्हणाला.

आता ती चौघं बोक्याभोवती गोळा झाली. टॉवेलातून फक्त डोकं बाहेर. उत्तमने कान धरला. हिंदुरावांच्या ओठातून गळणारं रक्त ओघळून हनुवटीवर येत होतं, ते त्यांनी बाहीला पुसलं, बोक्यावर पडू नये म्हणून. कानाच्या कडेला, उत्तमच्या अंगठ्याच्या बरोबर शेजारी, चांगला टपोरा लाल थेंब होता. शालनने एक पट्टी लावली, कमलने दुसरी. दोन्ही पट्ट्यांनी थेंब ओढून घेतला. यंत्रं थोडा वेळ विचार करत बसली.

हिंदुरावांच्या यंत्रावर तीनशे शहाऐंशी आला. उत्तमच्या यंत्रावर चारशे चार.

शंभर आणि दीडशे यांत जेवढी तफावत होती त्यामानाने हे एकमतच म्हणायचं. मी हौदाच्या कडेला बसून मान हलवली.

"जुळलं," मी म्हणालो.

"जुळलं," हिंदुराव बोक्याला म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता. "पैलवान, मला वाटलं तू बरा झालास लेका."

"त्यांना सांगा," उत्तम म्हणाला, "मी म्हणत होतो." पण त्याच्या आवाजात विजय नव्हता. चारशे साखर म्हणजे बोका हातचा चालला, हे दोघांनाही कळत होतं.

मग सगळे आपापल्या बाजूला गेले. उत्तम पलंगावर आडवा झाला. शालनने मला दोघांच्या मधे, म्हणजे परसात, ओला फडका नाकावर देऊन बसवलं. रिवाजाप्रमाणे कुणीच कुणाशी बोललं नाही. बोका आधी हिंदुरावांकडे गेला, दूध चाटलं, बाहेर आला, भिंतीवरून पलीकडे गेला, कमलच्या उशीवर जाऊन झोपला. मी हे पाहिलं. त्यात पाहण्यासारखं मला काही वाटलं नाही.

ऊन वर आलं होतं. शालन चहा घेऊन आली तेव्हा पलीकडून काहीतरी पडल्याचा आवाज झाला. कमल परसात आली. तिच्या हातात बोका होता आणि त्याची मान तिच्या कोपरावरून खाली लोंबत होती. पाय ताठ झाले होते आणि झटके देत होते, जणू तो झोपेत कुठेतरी धावत होता. डोळे उघडे, पण पाहत नव्हते.

ती भिंतीपाशी आली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

"भाऊजी," ती म्हणाली.

हिंदुराव ओट्यावर बसून हाताला हळद लावत होते. त्या घरात पाच वर्षांत भिंतीवरून थेट गेलेला हा पहिला शब्द. त्यांनी मान वर केली.

"भाऊजी, तुम्ही सुई दिली का ह्येला?"

"दिली."

"किती?"

"आकडा बघून. जास्तीच दिली."

"मीबी दिली," कमल म्हणाली. "मला वाटलं तुम्ही लोळत पडलाय. तुमच्यानं काय व्हायचं न्हाई. जास्तीच दिली."

हिंदुराव उठले ते भिंत असल्यासारखे चाललेच नाहीत. वरची विटांची रांग छातीने पाडून ते पलीकडे गेले आणि बोका हातात घेतला. "शालन, काकवी," ते म्हणाले. "फळीवर हाय. पळ."

काकवीची बाटली आली. हिंदुरावांनी बोक्याचा जबडा दोन बोटांनी उघडला आणि मारामारीत सुजलेल्या बोटाने हिरड्यांना काकवी चोळायला लागले. बोक्याचे दात त्यांच्या बोटात रुतत होते, त्याला कळत नव्हतं. त्यांनाही नाही. उत्तम दारात आला, बरगडी धरून, भिंतीला टेकून.

"जाऊ नका देऊ," तो म्हणाला. कुणाला म्हणाला ते कळलं नाही.

"गप उभा राहा," हिंदुराव म्हणाले. "गाडी काढ."

उत्तमने गाडी काढली. दगड बसून पोचा पडलेल्या टाकीवर तो, मागे हिंदुराव, दोघांच्या मधे कमल आणि तिच्या पदरात बोका. मी आणि शालन रिक्षातून मागे. रस्त्यात सगळे वळून पाहत होते. एकाने तर उत्तमला थांबवून, कुठे अपघात झाला, असंही विचारलं.

दवाखान्यात मुजावर मॅडमनी दार उघडलं आणि आम्हाला पाहिलं. एकाच्या तोंडातून रक्त, एक वाकलेला, एका बाईच्या साडीवर काकवी आणि रक्ताचे चट्टे, एका प्राध्यापकाचं नाक गालावर.

"पेशंट कोण?" त्यांनी विचारलं.

कमलने पदर उघडला.

मॅडमनी मांजर टेबलावर घेतलं, पायाला पट्टी बांधली, शीर शोधली, सलाईन लावलं. त्यांच्या यंत्रावर आकडा इतका खाली होता की तो त्यांनी आम्हाला सांगितला नाही. हिंदुराव कोपऱ्यात उभे राहून टेबलाकडे एकटक पाहत होते. उत्तम खाली फरशीवर बसला होता. सलाईनची बाटली अर्ध्यावर आली. मग टेबलावरून घोगरा, बारीक, रागावलेला आवाज आला आणि मॅडम म्हणाल्या, "डोकं धरा कुणीतरी, चावेल."

कमलने तोंडाला पदर लावला. हिंदुराव भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"घरी साखर किती होती म्हणालात?" मॅडमनी विचारलं.

"चारशे," उत्तम म्हणाला. "दोन्ही यंत्रांवर. दाजी साक्षीला आहेत."

"दोन्ही यंत्रांवर?" त्या म्हणाल्या. "ती कधीच तंतोतंत जुळत नाहीत. कुठलंही चालतं, फक्त एकच धरायचं." मग त्यांनी उत्तमकडे पाहिलं. "अंगठा दाखवा."

अंगठा जांभळा होऊन सुजला होता. त्यांनी त्याला ताबडतोब माणसांच्या दवाखान्यात जायला सांगितलं. मांजराचा चावा वाईट असतो, आणि बरगडीचंही पाहून घ्या. बोक्याला त्यांनी काही दिवस ठेवून घेतलं.

"दाजी," जिना उतरताना हिंदुराव म्हणाले, "त्येला सांगा, मी येतो संगं. गाडी त्येला झेपायची न्हाई."

"त्यांना सांगा," उत्तम म्हणाला, "या म्हणावं."

याला आता बरीच वर्षं झाली. परसातली ती विटांची रांग पुन्हा कुणी रचली नाही. पण खालची भिंत पाडलीही नाही. मॅडमनी बोका परत दिला तेव्हा त्याचं औषध बंद केलं होतं. खाणं बदलल्यामुळे आणि वेळेवर सुई मिळाल्यामुळे काही मांजरांचं असं होतं म्हणाल्या. याची साखर बहुधा महिनाभर आधीच जागेवर आली होती. मग त्या रविवारी थेंबात कुणाची साखर होती, हा प्रश्न खरा तर माझ्या विषयातला. पण उत्तर मला काढावं लागलं नाही. बरगडीला पट्टा घालण्याआधी माणसांच्या दवाखान्यात रीतीप्रमाणे उत्तमचं रक्त तपासलं होतं. साखर तीनशे नव्वद निघाली.

बोक्याला इन्शुलिन पुन्हा लागलं नाही. उत्तमला रोज दोन वेळा लागतं.